पेंटियम ४ ला नवीन १ टीबी हार्डडिस्क लावली, बायोसमध्ये दिसतच नाहीये

पत्रिकावाला:
नमस्कार मंडळी, लग्नपत्रिका-हँडबिलांचं छोटं काम आहे आमचं, मशीन जुनं, पेंटियम ४ आणि विंडोज एक्सपी. पानं लावायचं पेजमेकर आणि मराठी फाँटचं श्रीलिपी त्याच्यावरच चालतं कारण श्रीलिपीचं लॉक, म्हणजे ते चालायला लागणारी छोटी डबी, मागच्या प्रिंटर पोर्टात बसतं आणि नव्या कॉम्प्युटरला तो पोर्टच नाही. आतली ८० जीबीची आयडीई (जुन्या रुंद केबलची) डिस्क चार दिवस झाले टक टक करतेय, बाबांनी केलेली सगळी कामं त्यातच. बोर्डवर दोन साटा (नव्या पातळ केबलचे) पोर्ट दिसले म्हणून नवीन डिस्क आणून जोडली, फिरतेय पण बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होतानाच्या सेटिंगच्या स्क्रीनवर, नाव येत नाही, कधी तिथंच हँग होतं. दुकानदार म्हणतो बोर्ड बदला. काय करू?

खटपट्या:
दादा आधी ते मशीन बंद करा!! टकटक करणारी डिस्क कधी जाईल सांगता येत नाही. ती काढा, आयडीई टू यूएसबी कन्व्हर्टर मिळतो, त्याने लॅपटॉपला लावून आधी कामाच्या फाइली आणि फाँट कॉपी करा. नवीन डिस्कचं नंतर बघू.

सोल्डरगन:
खटपट्या बरोबर बोलतोय, फाइली आधी. दिसत का नाही ते सांगतो, बोर्डवरच्या मोठ्या चिपवर व्हीआयए व्हीटी८२३७ किंवा ८२३७आर लिहिलंय का बघा. साटाची नवी डिस्क जुन्या पोर्टावर आपोआप १.५ गिगाबिटवर उतरायला पाहिजे, पण या चिपला ते जमत नाही, दोघांचं वेगावर एकमतच होत नाही आणि डिस्क दिसत नाही. डिस्कच्या मागे जंपरच्या छोट्या पिना असतील तर लेबलवर बघून १.५ चा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) लावा, डब्ल्यूडी (वेस्टर्न डिजिटल) कंपनीची असेल तर ५-६ नंबरच्या पिना. पिना नसतील तर बोर्डच्या पीसीआय खाचेत बसणारं साटा कार्ड घ्या. बोर्ड बदलू नका, लॉकचा पोर्ट जाईल.

पत्रिकावाला:
८२३७आरच आहे!! फाइली निघाल्या, दोन फोल्डर सोडून. जुन्या डिस्कचा जंपर काढून ५-६ ला लावला आणि नवीन डिस्क दिसली, आईशप्पथ किती बरं वाटलं. आता एक्सपी सकट सगळं जसंच्या तसं तिकडे क्लोन करू का?

सोल्डरगन:
थांबा, क्लोनच्या आधी जुन्या एक्सपीतच व्हीआयएचा साटा ड्रायव्हर टाका. एक्सपीकडे तो स्वतःचा नसतो, तसंच क्लोन केलं तर चालू होताना निळा स्क्रीन, ७बी एरर. आणि पुढे मोह झाला तरी २ टीबीच्या वरची डिस्क घेऊ नका, तेवढ्या मोठ्या डिस्कला लागणारी जीपीटी ही भाग पाडायची पद्धत ३२ बिट एक्सपीला वाचता येत नाही.

खटपट्या:
राहिलेल्या दोन फोल्डरसाठी लिनक्सचं डीडीरेस्क्यू चालवून बघा, खराब जागा बाजूला ठेवून आधी चांगलं उचलतं. वेळ लागेल, रात्रभर लावून ठेवा.

पत्रिकावाला:
क्लोन झालं, नवीन डिस्कवरून एक्सपी चालू झालं, श्रीलिपीने लॉकपण घेतलं. एक फोल्डर पूर्ण मिळालं, दुसऱ्यातल्या तीन फाइली उघडत नाहीत, त्याच्या छापील प्रती कपाटात आहेत त्यावरून परत टाईप करतो. खूप आभार दोघांचे.