कराच्या पैशातून घरोघरी वाटप: कोकणाला हवं की नको?

देवगडचा बागायतदार (धागाकर्ता)
यंदाही बागेत फवारणीला गावातला माणूस मिळाला नाही. नेपाळी गडी आहेत म्हणून आंबा पेटीत जातो, नाहीतर झाडाखाली कुजला असता. जानेवारी २०२३ पासून रेशनचं धान्य फुकट, त्यावर घरातल्या बाईच्या खात्यात महिन्याला १५००. कशाला कोण उन्हात उभा राहील? २०२४ मध्ये लाडकी बहीण जाहीर झाली तेव्हा वर्षाचा खर्च ४६ हजार कोटींच्या आसपास सांगितला होता. त्यातल्या थोड्या पैशात या किनाऱ्यावर किती शीतगृहं आणि जेट्ट्या झाल्या असत्या! गरिबाला मदत करू नका असं मी म्हणत नाही. पण करदात्याने भरायचं आणि सरकारने मतांवर डोळा ठेवून वाटायचं, हे मला पटत नाही. बोला.

गुहागरची सून
करदाता म्हणजे नक्की कोण? शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, मग आंबा लाखाचा निघो की पन्नास लाखांचा. शिवाय १९९० पासून रोजगार हमीतून शंभर टक्के अनुदानावर फळबागा लागल्या, म्हणून कोकणातले निम्मे कातळ हिरवे दिसतात. त्या रोजगार हमीसाठी १९७५ पासून मुंबईतल्या पगारदारांच्या खिशातून व्यवसाय कर कापला जातोय. तुमच्या बागेत त्यातली किती कलमं आहेत?

देवगडचा बागायतदार
आहेत, लपवत नाही. पण ते पैसे कामाचे होते. सुरुंग लावून कातळ फोडला, लांबून माती आणून खड्डे भरले, आणि कलम जगलं तरच पुढचा हप्ता मिळाला. आज त्या बागेवर चार घरं चालतात. १५०० रुपयांतून काय उभं राहिलं ते दाखवा. आणि कर म्हणाल तर आंब्याला मोहोर यावा म्हणून घालायच्या कल्टारपासून फवारणीच्या औषधापर्यंत सगळ्यावर जीएसटी भरतोच की.

गुहागरची सून
मग लाडकी बहीणही भरतेच. मोबाइलच्या रिचार्जवर १८ टक्के तिलाही चुकत नाहीत. म्हणजे करदाते सगळेच झाले, प्रश्न मिटला.

आता मजुरांचं. १५०० म्हणजे दिवसाला ५० रुपये. पन्नास रुपयांसाठी बागेतली मजुरी कोण सोडेल? इथला तरुण गिरण्यांच्या काळापासून मुंबईची वाट धरतोय आणि नेपाळी गडी २०२४ च्या आधीपासून तुमच्या बागांत राखण करतायत. मजूर का मिळत नाही याचं उत्तर मजुरीच्या दरात शोधा, माझ्या शेजारणीच्या पासबुकात नको.

काय उभं राहिलं विचारता? आमच्या घरी मनीऑर्डर सासऱ्यांच्या नावावर यायची. मीठ-मिरचीलाही सासूबाई त्यांच्याकडे हात पसरायच्या. आता वाडीतल्या बायका स्वतःचा पैसा स्वतः काढतात. कुणी बचतगटाचा हप्ता भरते, कुणी काजूगर सोलायच्या कामावर जाताना रिक्षाने जाते. तुम्हाला हे उभं राहिलेलं दिसणार नाही, कारण ते सातबाऱ्यावर चढत नाही.

चाकरमानी, डोंबिवली
तो व्यवसाय कर भरणारा पगारदार मीच. महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००. त्याचं दुःख नाही, पण मला दोघांचंही पटत नाही. गावाजवळच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर सापडत नाही. आईला रात्री दम लागला की जीप करून रत्नागिरी गाठायची. त्या एका फेरीत तिचे १५०० संपतात. रोख द्यायला फक्त एक बटण दाबायचं असतं. डॉक्टर टिकवायचा तर त्याला घर, पगार, औषधं आणि वर लक्ष ठेवणारा माणूस लागतो. म्हणून सरकारला रोख आवडते. निवडणुकीत तर २१०० चं आश्वासन होतं, दवाखान्यावर कुणी एवढी चढाओढ केली का?

(अवांतर: सरकारी नोकरीतल्या काही बायकांनीही हे १५०० उचलल्याचं २०२५ मध्ये निघालं. ते पैसे परत घेतलेच पाहिजेत.)

माका काय, मालवण
बागायतदारानु, माझ्या आयेक १५०० गावतत तर तुमच्या पोटात कित्याक दुखता? तुमका वादळाची भरपाई गावली तेवा आमी काय बोललव? गप ऱ्हवलव.

खोताचा नातू
वाटपाची गोष्ट निघालीच आहे तर आमची बाजूही ऐका. १९४९ च्या कायद्याने खोती, म्हणजे गावचा सारा गोळा करायचा खोताचा वंशपरंपरेचा हक्क, गेली, मग कुळकायदा आला. १ एप्रिल १९५७ ला कसणारा मालक झाला. आजोबा नोकरीनिमित्त मुंबईत होते, जमीन हातची गेली. एकाकडून काढून दुसऱ्याला द्यायचं म्हणजे काय, हे आम्ही भोगलंय.

चरीकर
भोगलंत? १९३३ ते १९३९ अलिबागजवळच्या चरी आणि आजूबाजूच्या गावांनी खोताची जमीन कसली नाही. शेतकरी पुढारी नारायण नागू पाटलांच्या मागे उभे राहून लोकांनी उपास काढले, पण नांगर धरला नाही. १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचं विधेयक डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात मांडलं, ते काय कुणाची जमीन लुबाडायला? आणि कुळाला जमीन फुकट मिळाली नाही, कायद्याने ठरलेली किंमत हप्त्यांनी भरावी लागली. विधवा आणि अल्पवयीन मालकांसाठी कायद्यात वेगळी सवलतही होती.

खोताचा नातू
किंमत काय मिळाली ते मला विचारा. शेतसारा कितीसा होता आणि त्याच्या पटीत किती बसले! बाजारभावाच्या जवळपासही नाही.

दर्यावर्दी, दाभोळ
डिझेलवरच्या व्हॅटचा परतावा आम्हाला सोसायटीमार्फत मिळतो. ज्याचं इंजिन मोठं त्याचं डिझेल जास्त, त्याचाच परतावा मोठा. किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणीवाल्याला त्यातलं काय मिळतं? त्यावर कुणी धागा काढत नाही.

देवगडचा बागायतदार
दर्यावर्दींशी सहमत, मोठ्यालाच जास्त मिळू नये हा नियम माझ्या अनुदानालाही लावा. मोठ्या बागायतदाराच्या उत्पन्नावर कर बसवा म्हणाल तर मर्यादा ठरवून बसवा, मी ओरडणार नाही. पण मग दुसऱ्या बाजूलाही अट घाला. गावात काम मागितलं आणि मिळालं नाही तर पैसे द्या, रोजगार हमीची मूळ कल्पना तीच होती.

गुहागरची सून
काम? पहाटे उठून पाणी, चूल, गोठा, आजारी सासरे, मग तुमच्या बागेत पडलेले आंबे वेचणं. यातल्या कशाची हजेरी मांडायची, तुम्हीच सांगा. आणि मांडायचीच असेल तर दिवसाला ५० नको, सरकारी किमान वेतनाने मांडा.

चाकरमानी, डोंबिवली
त्या हिशेबाने माझा व्यवसाय कर किती होईल, तेही कुणीतरी काढा.