मदत हवी आहे: 1890 च्या लंडनमधल्या लहान मुलाच्या सूटची कॉलर

नाटकासाठी 1890 च्या लंडनमधल्या श्रीमंत घरच्या 4 वर्षांच्या मुलाचा ड्रेस शिवतेय. तेव्हा एवढी मुलं फ्रॉकमध्येही असायची, सेलर सूटही चालायचा हे माहितीये, पण डायरेक्टरना 1886 च्या 'लिटल लॉर्ड फॉन्टलरॉय' पुस्तकामुळे गाजलेला मखमली सूटच हवाय, आणि खरंच तो फार सुंदर दिसतो. काळ्या मखमलीचा आखूड कोट, गुडघ्यापर्यंतची पँट, कमरेला सॅश सगळं झालंय, अडलंय लेसच्या रुंद कॉलरवर. ती खांद्यावर सपाट पडायला हवी, माझी मानेपाशी उभी राहते आणि मखमलीवरून सरकते. कॅनव्हास लावला तर मुलाला टोचतो, स्टार्च केली तर टोकं वळली. कॉलर धुवावी लागणार म्हणून कोटाला कायमची शिवायची नाहीये. मग कॉलरचा गोलाई कटच बदलू, की आतल्या ब्लाउजला जोडून कोटावर काढू?