वसतिगृहाच्या नियमावलीत शालीन वर्तनाचा नियम कसा लिहावा?

प्रश्न (कोथरूड)

कोथरूडमधील विद्यार्थिनींच्या एका लहान वसतिगृहाची नियमावली नव्याने लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. जुन्या नियमावलीत ‘विद्यार्थिनींनी सभ्य पोशाख करावा व वर्तन शालीन ठेवावे’ एवढेच म्हटले आहे. आमच्याकडे लातूर-नांदेडच्या मुलींबरोबर केरळ, मणिपूर आणि परदेशांतून आलेल्या मुलीही राहतात. एक जण खोलीबाहेर पडताना केस झाकते. दुसरी तोकडे कपडे वापरते, पण वडीलधाऱ्यांसमोर आवाज कधी चढवत नाही. तिसरी व्यवस्थापिकाबाईंशी बोलताना नजर खाली ठेवते आणि ती काहीतरी लपवते आहे असे बाईंना वाटते. शालीनतेची कल्पना प्रत्येकीच्या श्रद्धेतून आली असेल, तर सर्वांना लागू पडणारा नियम कोणत्या पायावर लिहावा?

उत्तर १ (कॅम्प)

आपण कोणासमोर उभे आहोत, याविषयी माणसाची जी श्रद्धा असते तिच्यावरून त्याची मर्यादा ठरते, असे मला वाटते. इथल्या गुरुद्वारात स्त्री असो वा पुरुष, डोके झाकूनच आत जातात. चर्चमध्ये पुरुष टोपी काढून बसतात. आणि गुरुवायूरच्या मंदिरात पुरुषाला सदरा उतरवल्याखेरीज प्रवेश मिळत नाही. कृती परस्परविरुद्ध दिसल्या, तरी ईश्वरासमोर लहान होण्याची भावना तिन्ही ठिकाणी आहे. जैनांमध्ये श्वेतांबर साधू पांढरी वस्त्रे धारण करतात, तर दिगंबर मुनी वस्त्राचाही त्याग करतात. त्यांच्यापुढे हात जोडणारी कुटुंबे स्वतःच्या पोशाखाबाबत काटेकोर असू शकतात, कारण मुनींची नग्नता त्यांच्या दृष्टीने अपरिग्रहाचे टोक असते. तिथे लज्जेचा प्रश्नच उद्भवत नाही.

सहारा वाळवंटातील तुआरेग लोक मुसलमान आहेत, पण त्यांच्यात चेहरा पुरुष झाकतात, स्त्रिया सहसा झाकत नाहीत. परक्यांसमोर आणि सासरच्या वडीलधाऱ्यांसमोर पुरुषाचे तोंड उघडे दिसणे तिथे लाजिरवाणे मानतात. जपानमधील सार्वजनिक स्नानगृहांत स्त्रिया स्त्रियांसोबत आणि पुरुष पुरुषांसोबत विवस्त्र स्नान करतात. तिथे असभ्य ठरतो तो अंग स्वच्छ न धुता कुंडात उतरणारा. तेव्हा कपड्याच्या लांबीवरून शालीनता मोजणारा नियम कोणावर तरी अन्याय करणारच.

उत्तर २ (सदाशिव पेठ)

वरील विवेचन पटले, पण ते अपुरे आहे. व्यक्तीच्या श्रद्धेइतकीच शेजाऱ्यांची श्रद्धाही तिच्या अंगावर लादली जाते. याच पुण्यात 19व्या शतकाच्या उत्तरार्धात कुलीन स्त्रीने पायांत जोडे घालून, छत्री उघडून रस्त्याने चालणे हा उद्धटपणा समजला जाई. इराणमध्ये 1936 साली रझा शाहने चादर (स्त्रियांनी डोक्यापासून अंगभर ओढायचे वस्त्र) व डोक्यावरील वस्त्रावर बंदी आणली. पोलीस भररस्त्यात ते ओढून काढत आणि अनेक स्त्रियांनी घराबाहेर पडणेच सोडले. 1979च्या क्रांतीनंतर त्याच देशात डोके झाकणे टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले. दोन्ही वेळा स्त्रीला तिची स्वतःची श्रद्धा कोणी विचारली नाही.

आणखी एक गोष्ट मला फार खटकते. कुराणातील 24व्या सूरेत नजर खाली ठेवण्याची आज्ञा आधी पुरुषांना आहे (आयत 30) आणि स्त्रियांना त्यानंतर. आपल्याकडे मात्र मर्यादा म्हटले की मुलींचा पोशाखच डोळ्यांसमोर येतो. मुलांच्या वसतिगृहांच्या नियमावल्या जरूर मागवून पाहाव्यात.

उत्तर ३ (हडपसर)

आमच्या रस्त्याने दरवर्षी पालखी जाते. तिथे सत्तरीचे आजोबा विशीतल्या वारकऱ्याला ‘माउली’ म्हणून त्याच्या पायांवर डोके ठेवतात आणि तोही लगेच त्यांच्या पायांवर वाकतो. एरवी त्यांच्या घरात धाकट्यानेच थोरल्याला नमस्कार करायचा, हा रिवाज कडक असतो. पण समोरच्या देहात विठ्ठल आहे ही श्रद्धा वयाचा मान बाजूला सारते. म्हणून बाह्य रीत लिहून देण्याच्या भरीस पडू नये.

पोशाखाचे वाक्य काढून टाकावे आणि ज्याचा दुसऱ्या मुलीला त्रास होतो तेवढेच लिहावे: रात्रीचा आवाज, परवानगीविना छायाचित्र काढणे, पूजा-नमाज चालू असताना खोलीत शिरणे, कोणाच्या कपड्यांवरून वा केसांवरून टोमणे मारणे. व्यवस्थापिकाबाईंशी मात्र स्वतंत्रपणे बोलावे. त्या मुलीच्या घरी मोठ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवणे हा उर्मटपणा मानला जात असेल, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे.