ब्रेझा की अर्टिगा? आधी डोकी मोजा
मारुतीच्या या दोन गाड्यांपैकी कोणती घ्यावी, असं तुम्ही विचारलंत. तुमचं दुसरं बाळ येतंय, आई-बाबाही सोबत, म्हणजे सहा जण. ब्रेझा पाच सीटची, तिचा विषय तिथेच संपला. पण अर्टिगाची तिसरी रांग उघडली की डिकी उरते २०९ लिटर. प्रॅम ठेवली की बाकीच्या बॅगा टपावर. गावी जाताना आमचं दरवेळी हेच. बेबी सीट ड्रायव्हरच्या मागे लावा, नाहीतर डावीकडून मागे जायची वाट बंद. तिसऱ्या रांगेत तुमच्यापैकीच कोणीतरी बसा, आईंचे गुडघे तिथे चढणार नाहीत. आणि अर्टिगा ब्रेझापेक्षा सुमारे ४० सेंमी लांब, जवळपास ४.४ मीटर! ठाण्यात घोडबंदरकडच्या बऱ्याच टॉवरांत स्टॅक पार्किंग (गाड्या एकावर एक ठेवायची सोय) असतं, त्यामुळे बुकिंगआधी जागा मोजायला टेप घेऊन खाली उतराच. आमच्या शेजाऱ्यांची नवीकोरी गाडी त्यात मावली नाही, अजून गेटबाहेर उभी असते.