नोकरी बदलताना पीएफ काढून शैक्षणिक कर्ज फेडावे का?

बार्शीची_पुण्यात (प्रश्न)

नमस्कार. माझे वय २५ आहे. गेली तीन वर्षे मी पुण्यातील एका माहिती तंत्रज्ञान कंपनीत नोकरी करत असून पुढील महिन्यात दुसऱ्या कंपनीत रुजू होणार आहे. सध्याचा एकूण पगार ३६,००० रुपये आणि मूळ वेतन १८,००० रुपये आहे. पीएफचे २,१६० आणि व्यवसाय कराचे २०० रुपये कापून हातात ३३,६४० रुपये येतात. वाकडला दोन मैत्रिणींबरोबर राहण्याचा, मेसचा आणि प्रवासाचा खर्च मिळून साधारण १५,५०० होतो, घरी बार्शीला ६,००० पाठवते आणि शैक्षणिक कर्जाचा हप्ता ५,६०० रुपयांचा आहे. कर्जाची २ लाख ६० हजारांची बाकी पाच वर्षांत फिटेल, व्याजदर १०.५ टक्के असून तो बदलता आहे. बचत खात्यात जेमतेम २०,००० आहेत. नव्या नोकरीत हातात सुमारे ४१,००० येतील.

माझ्यापुढे तीन प्रश्न आहेत. पीएफच्या पासबुकात सुमारे १ लाख २४ हजार दिसतात. ते काढून कर्जात भरावेत, असे कार्यालयातील सहकारी सांगतात. दुसरे असे की, मावशीचे यजमान विमा प्रतिनिधी आहेत आणि त्यांच्या आग्रहावरून मी वर्षाला ३६,००० रुपये हप्त्याची २० वर्षांची पॉलिसी घेण्यास होकार दिला आहे. शेवटी सुमारे सव्वातेरा लाख मिळतील आणि करही वाचेल, असे काका म्हणतात. तिसरे म्हणजे, जी काही शिल्लक पडेल ती गावच्या पतसंस्थेत साडेनऊ टक्क्यांनी ठेवावी, असे बाबांचे मत आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

हिशेबनीस

आधी पीएफबद्दल लिहितो, कारण त्याविषयी कार्यालयांतून सर्वाधिक चुकीचे सल्ले दिले जातात.

आपल्याकडून दरमहा २,१६० कापले जातात आणि कंपनीही तेवढेच भरते. मग तीन वर्षांत दीड लाखाहून अधिक रक्कम जमायला हवी होती, असे आपल्याला वाटले असेल. कंपनीच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के, तेही १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेपर्यंतच, निवृत्तिवेतन योजनेत जातात. म्हणजे दरमहा १,२५० रुपये तिकडे आणि कंपनीचे उरलेले ९१० आपल्या पीएफ खात्यात. पासबुकातील १ लाख २४ हजार ही रक्कम व्याजासह बरोबर जुळते.

आता ही रक्कम काढण्याविषयी. पूर्ण रक्कम काढून खाते बंद करण्याची सोय मुख्यतः अशा सभासदासाठी आहे, ज्याची नोकरी सुटली आहे आणि ज्याला ठरावीक काळ दुसरी मिळालेली नाही. आपण तर लगेच दुसरीकडे रुजू होत आहात. अशा वेळी खाते हस्तांतरित करणे हाच नियमाला धरून असलेला मार्ग होय. सहकारी मंडळी ‘मधे काही काळ नोकरी नव्हती असे दाखवून’ पैसे काढण्याच्या ज्या युक्त्या सांगतात, त्यांत नव्या कंपनीने आपल्या नावे भरणा सुरू करताच विसंगती उघड होते.

कराची भीती मात्र आपल्या बाबतीत उगाच घातली जाते, हेही सांगितले पाहिजे. पाच वर्षांच्या सलग सेवेपूर्वी काढलेली रक्कम करपात्र ठरते आणि ती ५०,००० किंवा अधिक असल्यास १० टक्के करकपात होते, हे खरे आहे. पण आपले उत्पन्नच करमर्यादेच्या खाली असल्याने ती कपात विवरणपत्र भरून परत मिळाली असती. माझा आक्षेप निवृत्तिवेतनाच्या सेवाकाळाबद्दल आहे. त्या योजनेत ५८ व्या वर्षापासून दरमहा निवृत्तिवेतन मिळण्यासाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते, आणि पीएफबरोबर निवृत्तिवेतनाचीही रक्कम उचलली की झालेली तीन वर्षे पुसली जातात. ते निवृत्तिवेतन फार मोठे नसते. १५,००० वेतनमर्यादा आणि दहा वर्षे सेवा धरली तर सूत्राप्रमाणे महिन्याला २,१०० च्या आसपास बसते. तरीही प्रत्येक नोकरी सोडताना रक्कम उचलणाऱ्याला चाळिशीतही पुन्हा शून्यापासून मोजावे लागते.

करण्याजोगे एवढेच आहे: नव्या कंपनीला जुनाच यूएएन (पीएफ सभासदाचा कायमचा क्रमांक) द्यावा आणि दुसरा काढू देऊ नये. आधारवरील नाव व जन्मतारीख पीएफच्या नोंदीशी अक्षरशः जुळते का, ते आजच पाहावे. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख नोंदवली आहे का, हेही तपासावे. तिने टाळाटाळ केली, तर दोन महिन्यांनंतर ती तारीख सभासदाला स्वतः ऑनलाइन नोंदवता येते. हस्तांतरण अडते ते बहुतेक वेळा या दोन गोष्टींपाशीच.

कृष्णाकाठ

हिशेबनीस यांचे म्हणणे नियमाच्या दृष्टीने योग्य आहे, परंतु गणित अगदीच एकतर्फी नाही. पीएफवर २०२४-२५ साठी ८.२५ टक्के व्याज जाहीर झाले होते आणि आपले कर्ज १०.५ टक्क्यांचे आहे. म्हणजे निव्वळ दर पाहिले तर कर्ज आधी फेडणे फायद्याचे दिसते. प्रश्न इतकाच की, त्यासाठी पीएफलाच हात लावण्याची गरज आहे का? माझ्या मते नाही, कारण पगारात जवळजवळ ७,४०० रुपयांची वाढ होत आहे आणि तीच या कामाला पुरेशी आहे.

हप्त्याबरोबर दरमहा ४,००० जादा भरले, तर साठ महिन्यांचे कर्ज सुमारे एकतीस महिन्यांत संपते आणि व्याजापोटी जाणारे ३७,००० रुपयांच्या आसपास वाचतात. बदलत्या दराच्या अशा वैयक्तिक कर्जावर मुदतीपूर्वी फेड केल्याबद्दल बँकेला दंड आकारता येत नाही. मात्र जादा रक्कम मुद्दलात जमा करावी, असे बँकेला लेखी कळवावे. नाही तर काही शाखा तिला पुढच्या हप्त्याची आगाऊ रक्कम समजतात आणि व्याज होते तसेच चालू राहते.

पॉलिसीबद्दल मला स्पष्ट बोलावेसे वाटते. वर्षाला ३६,००० प्रमाणे २० वर्षांत आपण ७ लाख २० हजार भराल. त्याचे सव्वातेरा लाख होणार, हे ऐकायला भरघोस वाटते. पण वार्षिक परतावा काढला तर तो साडेपाच टक्क्यांच्या आसपास येतो, आणि त्यातला बोनसचा भाग हमीचा नसून अपेक्षित असतो. तेवढेच पैसे पीपीएफमध्ये (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, म्हणजे नोकरीच्या पीएफहून वेगळी सरकारी बचत योजना) भरले आणि पंधरा वर्षांनंतर पाच वर्षांची मुदतवाढ घेतली, तर एप्रिल २०२० पासून चालत आलेला ७.१ टक्के दर टिकेल असे धरून सुमारे सोळा लाख होतात. हा दर सरकार दर तिमाहीला ठरवते, त्यामुळे तो बदलू शकतो. तरी तुलनेसाठी हा आकडा पुरेसा आहे.

करबचतीचा मुद्दा तर इथे लागूच होत नाही. आपला वार्षिक पगार ४ लाख ३२ हजार आहे आणि नव्या नोकरीतही तो सहा लाखांच्या आत राहील. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, शिवाय विमाहप्त्याची ८० सी ची वजावट त्या प्रणालीत मिळतच नाही. जो कर आपल्याला भरायचाच नाही, तो ही पॉलिसी कसा वाचवणार, हे काकांना नम्रपणे विचारून पाहावे.

विमा मात्र हवाच, कारण घरी पैसे पाठवणाऱ्या आपण आहात आणि बहुधा बाबा कर्जात सहकर्जदार असतील. त्यासाठी निव्वळ मुदतीचा, म्हणजे टर्म विमा घ्यावा. पंचविशीतील निरोगी, तंबाखू न घेणाऱ्या व्यक्तीला ५० लाखांच्या कवचाचा वार्षिक हप्ता सहसा चार आकड्यांत बसतो, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही उरलेला नाही. कंपनीचे गट आरोग्य कवच साधारणपणे नोकरीबरोबर संपते, त्यामुळे शेवटचा दिवस आणि रुजू होण्याचा दिवस यांत फार अंतर ठेवू नये.

निवृत्त_रोखपाल

मी पतसंस्थेपुरतेच लिहितो. वडिलांचा विश्वास समजण्यासारखा आहे. गावातल्या पतसंस्थेचे संचालक ओळखीचे असतात आणि अडीअडचणीला सोनेतारण कर्ज तिथेच तासाभरात मिळते. परंतु ठेव ठेवताना एक फरक लक्षात घ्यावा लागतो. व्यापारी बँक असो की नागरी सहकारी बँक, तिच्यातील ठेवीला प्रति ठेवीदार ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण असते. पतसंस्था ही बँक नव्हे. ती सहकार कायद्याखाली नोंदलेली असते, तिच्यावर देखरेख राज्याच्या सहकार खात्याची असते, आणि हा ठेव विमा तिला लागू नाही.

संरक्षण असूनही काय होऊ शकते, ते आपण महाराष्ट्रात पाहिलेले आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला ठेवीदारांना सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढण्याची परवानगी होती. ठेव विम्याची मर्यादा तेव्हा एक लाख होती. ती ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख झाली, आणि निर्बंध लागल्यावर ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद २०२१ मध्ये कायद्यात आली. पतसंस्थेच्या ठेवीदाराला यांपैकी काहीच मिळत नाही. साडेनऊ टक्के दर हा त्या जोखमीचाच मोबदला समजावा.

अडचणीसाठीचा पैसा तर तिथे मुळीच नको. आपला घरखर्च, घरी पाठवण्याची रक्कम आणि हप्ता मिळून महिन्याला २७,००० च्या पुढे जातात. निदान तीन महिन्यांचे ऐंशी हजार बँकेत बचत खाते आणि छोट्या मुदत ठेवी यांत विभागून ठेवावेत. ठेव एकच मोठी न करता वीस-वीस हजारांच्या कराव्यात, म्हणजे एखादी मोडावी लागली तरी बाकीच्यांचे व्याज बुडत नाही. यापुढे माझे कृष्णाकाठ यांच्याशी मतभेद आहेत: कर्जात जादा भरणा पहिल्या महिन्यापासून करू नये. आधी हे ऐंशी हजार पूर्ण करावेत, कारण कर्जात भरलेला पैसा आजारपणात परत मागता येत नाही, आणि त्या वेळी क्रेडिट कार्डावर थकबाकी राहिली तर तिचे व्याज महिन्याला तीन टक्क्यांहून अधिक पडते.

बार्शीची_पुण्यात

सर्वांचे मनापासून आभार. पीएफ हस्तांतरित करायचे ठरवले आहे. आधारवर माझे नाव वडिलांच्या नावासह आहे आणि पीएफच्या नोंदीत ते नाही, हे आजच लक्षात आले. दुरुस्तीचा अर्ज जुन्या नोकरीतून बाहेर पडण्यापूर्वीच करते. बाबांनाही पतसंस्थेबद्दलचा मजकूर वाचून दाखवला. त्यांची स्वतःची ठेव तिथेच राहील, पण माझ्या पैशांबाबत त्यांनी आग्रह सोडला आहे.

पॉलिसीची अडचण मात्र उरली आहे. पहिला हप्ता भरून झाला असून कागदपत्रे मागच्या आठवड्यात हाती आली. आता माघार घेता येते का? मावशीशी संबंध बिघडू नयेत, हीही चिंता आहे.

हिशेबनीस

घेता येते. पॉलिसीची कागदपत्रे हाती पडल्यापासून ३० दिवस पुनर्विचारासाठी असतात आणि त्या मुदतीत पॉलिसी परत करता येते. वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च, मुद्रांक शुल्क आणि मधल्या दिवसांच्या जोखमीचा प्रमाणशीर हप्ता एवढे वजा होऊन उरलेले पैसे खात्यात येतात. मुदत उलटल्यावर हीच पॉलिसी सोडायची म्हटले, तर भरलेल्या पैशांतला बराच भाग गमवावा लागेल.

कागदपत्रे कोणत्या तारखेला मिळाली याचा पुरावा, म्हणजे कुरिअरचा किंवा ईमेलचा, जपून ठेवावा. अर्जात ‘अटी मान्य नाहीत’ असे एका ओळीत कारण लिहिले तरी चालते. कर्ज आणि नोकरी बदल यांचा उल्लेख करावासा वाटला तर करावा. अर्ज काकांच्या हाती न देता विमा कंपनीच्या शाखेत स्वतः द्यावा, तारखेसह शिक्क्याची पोच घ्यावी आणि त्यानंतर त्याच दिवशी काकांना फोन करून आपणच सांगावे. त्यांना कमिशन परत करावे लागेल, म्हणून ते प्रथम नाराज होतील. टर्म विमा त्यांच्याकडूनच घेण्याची तयारी दाखवली, तर मावशीकडे जाताना संकोच वाटणार नाही.