मदत हवी आहे : युटामधली फेडरल (केंद्र सरकारची) जमीन राज्याकडे गेली तर आपल्याला मोकळी राहील का?

नमस्कार मंडळी, आम्ही सात वर्षं सॉल्ट लेक सिटीजवळ राहतोय. युटातल्याच सॅन राफेल स्वेल या खडकाळ वाळवंटी भागाकडे आमची एक ठरलेली जागा होती, जुनिपरच्या झाडाखाली, दर ऑक्टोबरला तिथेच तंबू. यंदा गेलो तर तारेचं कुंपण आणि 'खाजगी मालमत्ता' अशी नवीकोरी पाटी. पोरं रडवेली झाली, खरं सांगते मलाही भरून आलं.

मी धरून चालले होते की ती सगळी बीएलएमची (ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, सार्वजनिक जमिनी सांभाळणारं केंद्राचं खातं) म्हणजे फेडरल जमीन. घरी येऊन नकाशा मोठा करून बघितला तर चहूकडे पिवळं, म्हणजे बीएलएमचं, आणि मध्ये एक निळा चौकोन, नेमका आमचा. निळं म्हणजे राज्याची ट्रस्ट लँड. 1896 साली युटा राज्य झालं तेव्हा दर टाउनशिपच्या (मोजणीसाठी आखलेला सहा बाय सहा मैलांचा चौकोन) 36 पैकी 4 सेक्शन (साधारण एकेक चौरस मैलाचे तुकडे) शाळांसाठी राज्याला मिळाले, त्यातून शाळांना कमाई करून द्यायची हे बंधनच आहे, मग कधी भाड्याने देतात कधी लिलावात विकतात.

आता माझा प्रश्न. ऑगस्ट 2024 मध्ये युटाने सुप्रीम कोर्टात 1 कोटी 85 लाख एकर फेडरल जमिनीवर दावा लावला, जानेवारी 2025 मध्ये कोर्टाने तो ऐकायलाच नकार दिला, पण मागणी काही थांबलेली नाही. शेजारच्या आजोबांचं अख्खं आयुष्य गुरं राखण्यात गेलं, ते म्हणतात राज्याची जवळपास दोन तृतीयांश जमीन वॉशिंग्टनच्या हातात, गुरांसाठी पाण्याचा पाइप टाकायचा तरी परवानगीची वाट बघत बसायचं. त्यांचं मला पटतं हो, त्यात खोटं काहीच नाही. पण तो निळा चौकोन डोळ्यांसमोरून जात नाही.

राज्य म्हणतं जमीन सार्वजनिकच ठेवू. हा शब्द उद्या विधिमंडळ साधा कायदा करून फिरवू शकतं का? आणि 1894 च्या एनेबलिंग अ‍ॅक्टप्रमाणे (युटाला राज्य होऊ देणारा केंद्राचा कायदा) युटाने उरलेल्या जमिनीवरचा हक्क कायमचा सोडलाय ना, मग दावा कशाच्या जोरावर? वणवा पेटला तर विझवायचा खर्च कोणाच्या माथी?

इथे कोणी वकील असेल किंवा नेवाडा, आयडाहोकडे राहणारं असेल तर प्लीज सविस्तर लिहा. आणि एखादा निळा सेक्शन लिलावाला निघणार हे आधी कुठे बघता येतं तेही सांगा, आमच्या दुसऱ्या जागेच्या शेजारीही एक आहे.