घरचा ग्रुप: निनादची शनिवारची स्पर्धा

निनाद (ह्यूस्टन): नमस्कार सगळ्यांना. शनिवारी सॅम रेबर्न तलावावर बास माशांची स्पर्धा आहे. को-अँगलर म्हणून नाव दिलंय. इथून अडीच तासांवर आहे. अण्णाकाका, तुम्हाला काही विचारायचंय म्हणून ग्रुपवरच लिहितोय.

शुभाआत्या: अरे वा! पण को-अँगलर म्हणजे कोण?

निनाद: एका बोटीत दोघं असतात आत्या. बोट ज्याची तो पुढे उभा राहतो. कुठे जायचं, किती वेळ थांबायचं, बोट कुठल्या अंगाने न्यायची, सगळं तो ठरवतो. मी मागच्या डेकवर. जोडी आयोजक लावतात, कोणाबरोबर जायचंय ते ऐनवेळी कळतं. निकाल मात्र वेगवेगळे. बोटवाल्यांचा एक, मागच्यांचा एक.

मंजूकाकू (मालवण): म्हणजे चांगली जागा पुढच्याने झोडपून काढली की उरलंसुरलं तुझ्या वाट्याला?

निनाद: हो काकू, म्हणून तयारी वेगळी करावी लागते. 1965 सालच्या धरणाचा हा तलाव 114,500 एकरांचा आहे. जागा पाठ करून मला उपयोग नाही, सुकाणू माझ्या हातात नाही. मार्चमध्ये मासे अंडी घालायला उथळ पाण्यात येतात, पण सगळे एकदम येत नाहीत. काही काठाला असतात, काही अजून बाहेर खोल पाण्यात, हायड्रिलाच्या गवताच्या कडेला. बोटवाला कुठे नेईल ते माहीत नाही, म्हणून दोन्हीकडचं सामान बांधून ठेवतोय.

अण्णाकाका: झिला, मागे बसणां वायट नाय. मी बारा वर्सां बाबांच्या होडयेत मागेच बसलंय, कर्लीच्या खाडयेत. बाबा सुंगटां लावीत तर मी तारलीचो तुकडो लावी. तेंनी गरी टाकली थंय मी कधी टाकूक नाय. तांबोशी कितीतरी येळा माझ्याच गरीक लागली.

निनाद: अण्णाकाका, हेच मला दोन वर्षं इथे चुकून चुकून कळलं! पुढचा माणूस क्रँकबेट, म्हणजे माशासारखं दिसणारं कडक नकली आमिष, झपाझप ओढत गेला आणि मीही तेच ओढलं, तर मासा माझ्याकडे बघणारच नाही. त्याच्या मागून मी हळू जायचं. काठाला असलो तर वॅकी रिग: मऊ रबरी किडा, गळ मधोमध टोचलेला, वजन काही नाही. दोन्ही टोकं थरथरवत तो आपोआप खाली जातो. तेव्हा हात हलवायचा नाही, नुसती दोरी बघत राहायची. खोल पाण्यात कॅरोलिना रिग: शिसं वर, त्याच्याखाली दोन-तीन फूट दोरी, टोकाला किडा, आणि तळावरून सावकाश ओढत आणायचं. बोट पुढे सरकत असते तेव्हा मागच्याला हे छान जमतं.

शुभाआत्या: सगळं घेऊन जाणार?

निनाद: पाच रॉड आणि एक पिशवी, बस. मागे तेवढीच जागा असते. बाकी रेनकोट, डबा, पेट्रोलच्या वाट्याचे पैसे सुट्टे. आणि बोटवाल्याला मासा लागला की आपला गळ बाजूला ठेवून आधी जाळं धरायचं. तो पाण्यातल्या ज्या झाडापाशी गळ टाकायच्या बेतात आहे तिथे त्याच्या पुढे टाकायचं नाही. दिवसभर त्याच बोटीत राहायचंय.

मंजूकाकू: ते जाकीट घालतोस ना पोहण्याचं?

निनाद: मोठं इंजिन चालू असताना ते घालावंच लागतं काकू. मी उतरेपर्यंत काढत नाही.

शुभाआत्या: आणि मासे? घरी आणता?

निनाद: नाही आत्या, सोडतो. 14 इंचांच्या खालचा लगेच पाण्यात. मोठे बोटीतल्या टाकीत, तिथे हवा आणि ताजं पाणी चालू असतं. वजन झालं की परत तलावात. मेलेला मासा आणला तर वजन कापतात. बास माशांच्या स्पर्धांना आजचं रूप देणाऱ्या रे स्कॉट यांनी 1967 साली अर्कान्सासच्या बीव्हर लेकवर आपली पहिली स्पर्धा भरवली आणि 1972 पासून मासा जिवंत सोडायची मोहीम सुरू केली. मला या खेळात सगळ्यात आवडतं ते हेच.

अण्णाकाका: तू विचारणार हुतंस काय?

निनाद: गाठ. मागच्या मोसमात एक चांगला मोठा मासा बोटीपासून हातभर अंतरावर आला आणि सुटला. दोरी ओढून पाहिली तर टोक स्प्रिंगसारखं वळलेलं.

अण्णाकाका: म्हणजे तुटली नाय, निसाटली. कशी घालतस?

निनाद: पालोमार. दोरी दुहेरी करून गळाच्या नेढ्यातून काढायची, सैल साधी गाठ मारायची, उरलेल्या फासातून अख्खा गळ घालायचा आणि आवळायचं.

अण्णाकाका: आवळताना थुकी लावतस?

निनाद: तेव्हा नव्हती लावली.

अण्णाकाका: मगे? सुकी दोरी आवळलंस तर घासान तापता, नायतर नीट बसणाच नाय. ओली कर, हळू आवळ, मगे पायाखाली गरी धरून जोरान ओढून बघ. बूट घाल आधी. सगळे पाच बांधून फोटो धाड.

मंजूकाकू: जेवून घे आधी.

निनाद: जेवलो काकू. हे घ्या फोटो, पाचही.

अण्णाकाका: तिसरी परत घाल. दोन पदर एकमेकांवर चढलेत.

निनाद: मोठं करून बघितलं, खरंच. कापली. परत घालतोय.

निनाद: घातली, ओली करून. आता बघा.

अण्णाकाका: आता बरोबर हा. शनिवारी सकाळी परत सगळे ओढून बघ.